आमच्या चौकातला फळा परत लावा

प्रति,
आमच्या प्रभागाचे चारही नगरसेवक
आणि प्रभागाचा कारभार पाहणारे अधिकारी,
कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या भजनी मंडळाच्या नऊ बायका टाळ घेऊन पेठेतल्या हॉलवर गेल्या. दाराला नवं कुलूप होतं. जुनं पितळी कुलूप आम्हाला पाठ आहे. त्याची एक किल्ली तालमीत असते, दुसरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. हे कुलूप वेगळंच, कोरं करकरीत. तिथं उभ्या असलेल्या एका पोराला विचारलं, तर म्हणाला, "काकू, तुम्हास्नी म्हाईत न्हाई व्हय? हॉल भाड्यानं गेलाय. आता तिथं लग्नाचं बुकिंग घेणार हाईत म्हणं."

त्या दिवशी आम्ही हॉलच्या पायरीवर बसून भजन केलं. मे महिन्याचं ऊन, पायरी तापलेली. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी पदर दुमडून खाली घेतला आणि बसल्या. रागाचा एक शब्द कुणी काढला नाही, पण आरती झाल्यावर सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. तुझं दुकान चौकात, सगळ्या पेठेची ऊठबस तुझ्याकडं, मग तुला कसं कळलं नाही, असं त्या बघण्यात होतं. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुम्ही द्यावं म्हणून हे पत्र. आणि ते पेठेतल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून खुलं.

दुसऱ्या दिवशी दुकान मुलावर सोपवून मी कार्यालयात आले. जिन्याखालच्या भिंतीवर काचेची एक पेटी आहे, तुम्ही सगळ्यांनी ती पाहिलेली असणार. आत एकावर एक टाचलेले चार कागद. सगळ्यात वरचा कागद पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यावा असं सांगणारा, म्हणजे नोव्हेंबरातला. हॉलची नोटीस त्याच्याखाली तिसरी. तिची मला दोन बोटं रुंदीची कड दिसत होती आणि त्या कडेवर आमच्या पेठेच्या नावातली शेवटची दोन अक्षरं. पेटीला कुलूप, आणि किल्ली ज्या शिपायाकडं तो रजेवर. शेवटी एका कारकुनानं फायलीतली प्रत काढून दाखवली. हॉल कराराने चालवायला देण्याचं योजलं आहे, कुणाची हरकत किंवा सूचना असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, असा मजकूर. मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

कारकुनाचा दोष नाही. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो एवढंच म्हणाला, "नियमाप्रमाणं प्रसिद्धी दिलेली आहे, ताई."

माझं सगळं भांडण त्या 'प्रसिद्धी' शब्दाशी आहे.

आधी मी कोण ते सांगते. चौकात तालमीसमोर माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, चोवीस वर्षं मी सांभाळते. तुम्हा चौघांपैकी दोघांना मी पाटी आणि पेन्सिलीचा डबा विकलेला आहे. समोर तालमीच्या भिंतीवर सिमेंटच्या चौकटीत बसवलेला काळा फळा होता. पेठेतले एक निवृत्त मास्तर रोज सकाळी साडेसहाला येऊन तो लिहायचे, आणि खडू माझ्या दुकानातून जायचा. पांढरा खडू सगळ्या मजकुराला, पिवळा मथळ्याला, आणि लाल फक्त पाणी बंद असेल तेव्हा. लांबून लाल अक्षर दिसलं की बायका उंबऱ्यातूनच मागं फिरायच्या, घागरी-पिंप भरायला.

त्या फळ्यावर काय नव्हतं? वर सुविचार. खाली कुणाचं निधन, रक्षाविसर्जन किती वाजता. शाहू स्टेडियमवर आज कुणाचा सामना कुणाशी. पोलिओचा डोस कोणत्या रविवारी, कोणत्या शाळेत. घरफाळ्याच्या सवलतीची शेवटची तारीख. कुणाचं रेशनकार्ड सापडलंय, कुणाचं मांजर हरवलंय. होळीच्या आधी आठ दिवस 'होळी लहान करा, शेणी दान करा' हे पिवळ्या अक्षरात. या शहरात माणसाला अग्नी देताना घरच्यांकडून पैसे घेत नाहीत. गावोगावी पाहुण्यांना मी हे अभिमानानं सांगते, आणि त्या स्मशानासाठी शेणी गोळा करायला लोक येतात तेही असं चौकात कळतं म्हणूनच येतात.

गटारीचं काम निघालं तेव्हा ती भिंत पाडावी लागली. काम गरजेचं होतं, कुणी आडवं गेलं नाही. फळा उतरवून ठेवा, भिंत झाली की पुन्हा बसवून देऊ, असं सांगितलं गेलं. भिंत झाली, रंग झाला. फळ्याच्या जागी लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि त्याच्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स चढायला लागले. एक उतरला की दुसरा. दोन वर्षं होऊन गेली. मास्तरही गेले. त्यांच्या रक्षाविसर्जनाची वेळ निम्म्या पेठेला कळली नाही. ज्यांनी सगळ्यांच्या वेळा लिहिल्या, त्यांची वेळ लिहायला जागा नव्हती. हे मला आजही सोसत नाही.

आता एकेक सांगते.

हॉलचं पहिलं. तो हॉल म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. खाली बचत गटाच्या बैठका, गुरुवारचं भजन, श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची तालीम, उन्हाळ्यात मुलांचं शिबिर. वरच्या खोलीत भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांची अभ्यासिका. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असलेली पोरं तिथं रात्री अकरापर्यंत वाचत बसतात. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये, नदीकाठच्या गल्ल्यांतली कुटुंबं याच हॉलात राहिली. माझी बहीण चिखलीला दिलेली आहे. २०१९ ला तिचं घर माळवदापर्यंत पाण्यात होतं. ती, तिचा नवरा, दोन मुलं आणि सासू यांनी त्या हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली नऊ रात्री काढल्या. पेठेनं भाकऱ्या भाजल्या. आता मृग तोंडावर आलाय. यंदा पाणी चढलं आणि हॉलात कुणाच्या लग्नाचं बुकिंग असलं, तर माणसं कुठं न्यायची? हे करारात लिहिलंय का? कुणी विचारलंय का? हरकत घ्यायची संधी मिळाली असती तर आम्ही हेच विचारलं असतं.

शहरात बसायला-उठायला जागा आधीच कमी झाल्यात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते नाट्यगृह धुरानं काळं पडलेलं बघून माणसं रस्त्यात रडत होती, मीही त्यांतली एक. तिथं नाटकं व्हायची तशी शाळांची स्नेहसंमेलनंही व्हायची. अशा वेळी पेठापेठांतल्या छोट्या हॉलांची किंमत वाढते. नेमका त्याच काळात आमचा हॉल आम्हाला न विचारता गेला.

भाड्यानं देऊच नये असं माझं म्हणणं नाही. हॉलची गळती कुणीतरी काढायला पाहिजे, वीजबिल कुणीतरी भरायला पाहिजे. पैशाची अडचण असेल तर ती आमच्यापुढं मांडा. गुरुवारचे दोन तास, अभ्यासिकेची वरची खोली, पुराचे दिवस, एवढं राखून बाकी काय करायचं ते बसून ठरवता आलं असतं.

पाण्याचं दुसरं, आणि ते सगळ्यात जुनं. थेट पाइपलाइनसाठी या शहरानं वर्षानुवर्षं वाट पाहिली. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचलं तेव्हा आमच्या चौकात साखर वाटली. पाणी एवढ्या लांबून येतं म्हटल्यावर कुठं गळती लागणार, कधी वीज जाणार, हे आम्हालाही समजतं. बालिंग्याचा उपसा असो की शिंगणापूरचा, पंप बंद पडला की टाकी भरत नाही. त्याबद्दल कुणी तुमच्यावर डाफरत नाही. डाफरतो ते यासाठी की पंप रात्री दहाला बंद झालेला असतो आणि आम्हाला सकाळी सहाला कळतं, तेही नळाची कोरडी चावी फिरवल्यावर. मधल्या आठ तासांत निदान साठवणीचं पाणी जपून वापरता आलं असतं. गेल्या महिन्यात आमच्या शेजारी घरात तेरावा होता. पंगतीला शंभरावर माणसं आणि नळाला थेंब नाही. टँकरला फोन लावला तर यादीत नंबर मागं. आदल्या रात्री एक ओळ कळली असती तर त्या घरानं पिंपं उसनी आणून भरून ठेवली असती. दुःखाच्या घरातल्या माणसांना पाण्यासाठी दारोदार फिरावं लागलं.

रस्ता उकरण्याचं थोडक्यात. कुणी उकरलं, कशासाठी, किती दिवस, किती रुपये, बुजवणार कोण, याची पाटी कामावर लावा. एवढीशी गोष्ट आहे. माझ्या दुकानासमोर मार्चमध्ये चर खणला, आणि तो कुणी खणला हे मला अजून समजलेलं नाही.

कार्यक्रम आणि शिबिरांचं मात्र जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण इथं तुमचाही तोटा होतो. फेब्रुवारीत शाळेच्या आवारात ज्येष्ठांसाठी डोळे तपासणीचं शिबिर झालं. मंडप होता, खुर्च्या होत्या, डॉक्टर आले होते, चहा आला होता. मी वह्यांचा गठ्ठा पोचवायला शाळेत गेले म्हणून मला ते दिसलं. साडेअकराला खुर्च्यांवर सात माणसं. मी तशीच मागं फिरले, गल्लीत दारं वाजवली आणि चौदा जणांना घेऊन गेले. त्यात दोघांना मोतीबिंदू निघाला. एका मावशींचा तर डावा डोळा पिकत आला होता आणि त्यांना वाटायचं चष्म्याचाच नंबर वाढलाय. एक वाजता डॉक्टर उठले. संध्याकाळी आपल्यापैकी एकांनी भाषणात सांगितलं की लोकांचा प्रतिसाद मिळत नाही. साहेब, लोकांना तारीखच ठाऊक नव्हती. शिबिराचा फ्लेक्स लागला होता, नाही असं नाही. त्यावर अकरा फोटो होते. वेळ आणि ठिकाण खालच्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरात. ज्यांचे डोळे तपासायचे होते त्यांनाच ते वाचता येणार नव्हतं.

असंच शिलाई मशीनच्या अर्जांचं, असंच मुलांच्या क्रीडास्पर्धांचं, असंच घरफाळ्याच्या सवलतीचं. ज्यांच्या घरातला माणूस कार्यालयात ये-जा करतो त्यांना कळतं. बाकीच्यांना मुदत संपल्यावर कळतं. यात कुणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण परिणाम तोच होतो. कळलेल्यांची एक पेठ आणि न कळलेल्यांची दुसरी पेठ, अशा दोन पेठा तयार झाल्यात.

आणखी एक नवी अडचण. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक होता. चांगला असो, वाईट असो, दार एकच होतं. यंदा एक्क्याऐंशी जागांचे वीस प्रभाग झाले आणि आमच्या वाट्याला आपण चौघे आलात. गटारीसाठी एकाकडं गेलं तर तो भाग दुसऱ्यांकडं, दुसऱ्यांकडं गेलं तर ते काम तिसऱ्या ताईंच्या निधीतलं. आम्ही १५ जानेवारीला रांगेत उभं राहून चारदा बटण दाबलंय. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ इथं प्रशासक होते आणि तक्रार घेऊन जावं असं आपलं माणूस आम्हाला नव्हतं. म्हणून यंदाच्या मतदानाची आम्हाला किती ओढ होती, ते तुम्ही प्रचारात दारोदार पाहिलंच आहे. आता चार दारं आहेत आणि कोणतं वाजवायचं ते कळत नाही.

तुम्ही म्हणाल, सगळं वेबसाइटवर असतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आम्ही टाकतो. मीही त्या ग्रुपवर आहे. परवा मी मोजलं. एका दिवसात एकशे बारा निरोप आले, त्यात शुभेच्छा आणि हात जोडलेली चित्रं नव्वदच्या वर. पाण्याचा निरोप त्यात कुठंतरी होता, मी तो रात्री पाहिला. आणि पाणी तर सगळ्यांनाच लागतं. मंडईत पालेभाजी विकणारी, पहाटे चारला घर सोडणारी बाई कोणत्या ग्रुपवर आहे? भजनातल्या आमच्या नऊ जणींपैकी चौघींकडं बटणाचा फोन आहे. भाड्यानं राहायला आलेल्या परगावच्या कामगारांचा नंबर तुमच्या यादीत नाही, पण ते पाणी याच नळाचं पितात. फळा रस्त्यानं जाणारा कुणीही वाचू शकतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो शेजारच्याला विचारू शकतो. आमच्या चौकात निम्मी ओळखपाळख त्या विचारण्यातून झालेली आहे.

जमत नाही म्हणाल, तर तेही मला पटणार नाही. पावसाळ्यात तुम्हीच ते करून दाखवता. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचांत तासातासाला साऱ्या शहराला कळते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आमच्या पेठेतलं पाचवीचं पोर झोपेत सांगेल. रिक्षाला भोंगा बांधून गल्लीबोळांत सांगितलं जातं, तालमीची पोरं घरोघर जातात, कोणत्या शाळेत सोय आहे ते म्हातारीकोतारीला समजतं. त्या दिवसांत प्रशासन आणि लोक एकमेकांशी इतकं नीट बोलतात की वाटतं, हे शहर एक घर आहे. पाणी ओसरलं की ते बोलणं का थांबतं? जी यंत्रणा रात्री दोन वाजता इंचाचा हिशोब देऊ शकते, तिला उद्या पाणी येणार नाही हे आठ तास आधी सांगणं जड का जावं?

आणि ६ मे २०२२ आठवा. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहाच्या ठोक्याला सगळं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. माझ्या दुकानात वही घ्यायला आलेला मुलगा हातात सुटे पैसे धरून तसाच उभा होता. बस थांबली, रिक्षा थांबल्या, भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. हे कसं झालं? तारीख, वेळ, काय करायचं ते प्रत्येकापर्यंत पोचवलं होतं म्हणून झालं. सांगितलं तर कोल्हापूरकर ऐकतो, नुसतं ऐकत नाही, तर उभा राहतो.

महाराजांचं नाव घेतलंय तर हेही सांगते. २६ जुलै १९०२ ला त्यांनी मागासलेल्या समाजासाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो करवीर गॅझेटात छापला. राजा होते, नुसतं तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण संस्थानाचा हुकूम रयतेला छापील वाचायला मिळायचा. या गावात जाहीर करण्याची रीत एवढी जुनी आहे. आज त्या गॅझेटाच्या वारशाला कुलूपबंद काचेच्या पेटीतला तिसरा कागद शोभत नाही.

कायद्याचंही बघू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ कुणी अर्ज करण्याची वाट पाहत नाही. ते कार्यालयांवरच जबाबदारी टाकतं की आपणहून माहिती लोकांपुढं ठेवा. लोकांवर परिणाम होणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यातली सगळी संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, असं त्यात आहे. माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी पद्धत सगळ्यात परिणामकारक असेल तिच्यानं पोचवा, असंही आहे. कोणती साधनं ती कायद्यानं नावानिशी सांगितलीत: सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट. सूचना फलक यादीत पहिला आहे. म्हणजे मी जो फळा मागते आहे तो कायद्याच्याच शब्दात बसतो. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करायला मला येतं, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं हेही ठाऊक आहे. पण शेजाऱ्याशी बोलायला अर्ज करावा लागावा, अशी वेळ मला आपल्यात आणायची नाही.

त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती आम्हाला नागरिकशास्त्रात नव्हती, आमच्या मुलांना आहे. चौऱ्याहत्तरावी १ जून १९९३ पासून लागू झाली, आणि तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या तिच्यात आल्या. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमात त्यापुढं जाऊन क्षेत्र सभेची तरतूद आहे, म्हणजे भागातल्या मतदारांनी एकत्र बसायचं आणि आपल्या कामांबद्दल बोलायचं. गावाला ग्रामसभा असते तशी. माझ्या बहिणीच्या चिखलीत ती होते. तिथं माझी बहीण उठून सरपंचांना प्रश्न विचारते आणि मी शहरात राहून चोवीस वर्षांत अशा एकाही सभेला बसलेले नाही.

मागण्या साध्या आहेत.

हॉलच्या कराराला स्थगिती द्या आणि हरकतींची मुदत नव्यानं, पूर्ण पंधरा दिवसांची द्या. कराराच्या अटी, भाडं, किती वर्षांसाठी, पुराच्या काळात हॉल कुणाच्या ताब्यात, अभ्यासिकेचं काय, हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात हॉलच्या दाराला लावा. हरकतींची सुनावणी त्याच हॉलात घ्या, संध्याकाळी सातनंतर, म्हणजे कामावरची माणसं येतील. तोवर जुनी वहिवाट चालू ठेवा. अभ्यासिकेतल्या पोरांची परीक्षा जवळ आहे, त्यांना तरी आजच्या आज दार उघडून द्या.

चौकातला सांगाडा काढा आणि तिथं फळा लावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांना माझा विरोध नाही, पण त्या दुसरीकडं द्या. फळा रोज लिहिण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याची, आणि त्याचं नाव फळ्याखाली. भागात आणखी कुठं फळे लागतील ते तालीम मंडळांना विचारा. मला सुचतात ती ठिकाणं म्हणजे दवाखान्याचं दार, शाळेचं फाटक आणि केएमटी बसचा थांबा.

पाणी बंद राहणार असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत सांगा. अचानक बिघाड झाला तर जेव्हा कळेल तेव्हा, भोंग्याची रिक्षा फिरवून. कधी येणार ते ठाऊक नसेल तर 'अजून सांगता येत नाही' एवढं तरी लिहा. अंधारात ठेवण्यापेक्षा ते बरं.

चौघांनी आपसात भाग वाटून घ्या आणि कोणती गल्ली कुणाकडं, फोन कोणता, हे फळ्याच्या कडेला कायमचं रंगवा. भागात मंजूर झालेलं प्रत्येक काम, रक्कम, ठेकेदार आणि मुदत दर तीन महिन्यांनी त्याच फळ्याशेजारी लावा.

आणि क्षेत्र सभा घ्या. पावसाळ्याआधी एक, दिवाळीनंतर एक. तारीख पंधरा दिवस आधी जाहीर करा. पहिल्या सभेला खुर्च्या आम्ही आणू, चहा आम्ही करू. हार-तुरे नकोत. तुम्ही चौघांनी आणि अधिकाऱ्यांनी समोर बसावं आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या आठवड्यात लेखी लावावीत.

यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च नाही. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी या शहरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, मी पण होते, दुकानाला कुलूप लावून. ती वेळ पुन्हा यावी असं मला वाटत नाही, आणि पत्र लिहिण्याआधी मी तालमीतल्या पोरांना तेच समजावलं. ती चिडलेली आहेत. दोघांनी कुलूप तोडायची भाषा केली. मी त्यांना म्हटलं, आधी लिहून विचारू.

म्हणून त्यांनी दुसरं काम केलं. तालमीच्या माळ्यावर, जुन्या मातीच्या पाट्या आणि लेझमांच्या मागं, आमचा फळा सापडला. एक कोपरा उडालाय, बाकी धड आहे. वरच्या कडेला मास्तरांच्या हाताचं 'आज' हे अक्षर पिवळ्या खडूत अजून दिसतं. पोरांनी सगळा पुसला, तेवढं ठेवलं. दोन हात काळा रंग दिला आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत वाळत ठेवलाय.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तो चौकात आणणार आहोत. तुम्ही चौघं या. सांगाडा उतरवायची परवानगी सोबत आणा, आणि हॉलचं काय ठरलं ते पहिल्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहा. खडू मी देईन.

आपली,
चौकातली वह्या-पुस्तकांची दुकानदार,
भजनी मंडळाच्या नऊ जणींच्या आणि अभ्यासिकेतल्या मुलांच्या वतीनं